खाजणातला व्हाइट स्पॉट: एका तळ्याचे प्रकरण

हे प्रकरण कोणा एका मालकाचे नाही. व्हाइट स्पॉट हा कोळंबीला मारणारा विषाणुजन्य रोग. कोकणातल्या खाजणांत, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनींत, कोळंबीच्या हिवाळी पिकावर त्याचा जो क्रम पुन्हा पुन्हा दिसतो, तो इथे एका तळ्यावर बसवला आहे. मापे, मात्रा आणि विषाणूचे वागणे मात्र प्रत्यक्षातले.

सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठी, जुन्या खारबांधाच्या आत, व्हेनामी कोळंबीची तीन तळी आहेत. त्यांना अ, ब आणि क म्हणू. प्रत्येक तळे अर्ध्या हेक्टरचे, सरासरी खोली १.३ मीटर, म्हणजे पाणी ६,५०० घनमीटर. पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, उधाणाच्या भरतीला आत घेतले जाते. साठवण तळे नाही. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दर चौरस मीटरला ४० या हिशेबाने प्रत्येक तळ्यात २ लाख बीज (कोळंबीची पिल्ले) सोडले. कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर अथॉरिटी या सरकारी नियामक संस्थेची व्हेनामीसाठीची कमाल मर्यादा चौरस मीटरला ६० आहे, तेव्हा गर्दी फार झाली होती असे म्हणता येणार नाही.

सुरुवातीची तयारीही नेटकी होती. पाणी ६० मेशच्या पिशवीतून गाळून घेतले, दोन दिवस तसेच ठेवले आणि मग दर घनमीटरला ६० ग्रॅमप्रमाणे ३९० किलो ब्लीचिंग पावडर टाकली. पावडर ताजी, म्हणजे ३० ते ३३ टक्के क्लोरीनची असेल, तर पाण्यात १८ ते २० पीपीएम क्लोरीन मिळतो. (कोकणच्या दमट हवेत उघडी पडलेली गोण महिन्याभरात निम्मी निकामी होते. तळ्यात ‘ब्लीचिंग चालले नाही’ अशी तक्रार येते तेव्हा आधी गोण बघावी.) क्लोरीन पूर्ण उडून गेल्याची चाचणी केल्यावरच बीज सोडले. बीजासोबत हॅचरीचा, म्हणजे पिल्ले तयार करणाऱ्या केंद्राचा, पीसीआर निगेटिव्ह दाखलाही होता.

एवढे सगळे असूनही ५१व्या दिवशी ब तळ्यात जिवंत कोळंबी जवळपास उरली नव्हती.

३८वा दिवस: १० सेंटीमीटर पाणी

महिनाभरात झिरपून आणि बाष्पीभवनाने ब तळ्याची पातळी १० सेंटीमीटर उतरली. अ आणि क यांचे बांध घट्ट, त्यांना गरज पडली नाही. उधाण होते, उघाडी उघडली आणि ५०० घनमीटर खाडीचे पाणी सरळ ब तळ्यात आले. पिशवी लावलेली होती, पण क्लोरीन नव्हता. कोळंबी तळ्यात असताना तो टाकता येत नाही, आणि साठवण तळे नसल्याने पाणी बाहेर शुद्ध करायला जागा नव्हती.

पिशवीकडून नेमकी कोणती अपेक्षा धरायची, हे इथे समजून घ्यायला हवे. ६० मेशचे छिद्र साधारण २५० मायक्रॉनचे. व्हाइट स्पॉटचा विषाणू, म्हणजे डब्ल्यूएसएसव्ही, विषाणूंमध्ये बराच थोराड. तरी त्याची लांबी २५० ते ३८० नॅनोमीटर आणि जाडी ८० ते १२० नॅनोमीटर. छिद्र त्याच्या लांबीच्या साताठशे पट मोठे आहे. विषाणू अडवणे हे पिशवीचे कामच नाही. तिने अडवायची ती विषाणूची वाहने: खेकड्यांची पिल्ले, जवळा, इतर कोळंब्यांची अंडी आणि डिंभ (अंड्यातून निघालेली अळीरूप पिल्ले). दहा पायांच्या कवचधारी प्राण्यांत हा विषाणू ज्याला लागत नाही असा प्राणी शोधावा लागतो. खाजणातली चिंबोरी (मोठा खेकडा) तर तो अंगात बाळगून दीर्घकाळ धडधाकट हिंडते. ६० मेशमधून यांची अंडी आणि अगदी लहान डिंभ निसटतात. म्हणून पिशवी आणि क्लोरीन ही जोडी आहे, एकाला पर्याय म्हणून दुसरे नाही.

खाडीच्या पाण्यात विषाणू असतात यात नवल काहीच नाही. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण १ कोटी विषाणू असतात. त्यांतले बहुतेक जिवाणूंना लागणारे, कोळंबीला त्यांचे सोयरसुतक नाही. विषाणूच्या पृष्ठभागावरची प्रथिने एखाद्या पेशीच्या पृष्ठभागावर बसली तरच आत शिरकाव होतो. डब्ल्यूएसएसव्हीची प्रथिने कवचधाऱ्यांच्या पेशींवर बसतात. माशाच्या, कोंबडीच्या किंवा माणसाच्या पेशींवर नाही.

आणि पाण्यात असताना हा विषाणू काहीही करत नाही. तो खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही, दुभंगत नाही. एकदा पाण्यात सुटला की त्याचा फक्त ऱ्हास होतो. प्रयोगशाळेत ३० अंशांच्या समुद्रपाण्यात तो निदान ३० दिवस टिकलेला आहे. ऊन, गाळ आणि जिवाणू असलेल्या तळ्यात मात्र तीन-चार दिवसच संसर्गक्षम राहतो. या पुढचे सगळे निर्णय एकाच गोष्टीवर उभे आहेत: तळ्यातले पाणी विषाणू तयार करत नाही, कोळंबी करते.

एका पेशीत काय घडते

डब्ल्यूएसएसव्ही निमाव्हिरिडी या कुळातला. त्याची रचना नारळासारखी समजली तरी चालेल: बाहेर सोडण, आत करवंटी, त्याच्या आत बी. सोडण म्हणजे चरबी आणि प्रथिनांचे आवरण, करवंटी म्हणजे प्रथिनांचे कवच, आणि बी म्हणजे सुमारे ३ लाख जोड्यांचा वर्तुळाकार दुपदरी डीएनए. करोना विषाणूचा आरएनए सुमारे ३० हजारांचा असतो. त्याच्या दसपट हा मजकूर आहे. आवरणातले व्हीपी२८ हे सर्वांत विपुल प्रथिन पेशीला चिकटण्याच्या कामात येते. आवरण फाटले की विषाणू पेशीत शिरण्याची क्षमता गमावतो. चुना, क्लोरीन, आयोडीन, उष्णता यांचा मारा मुख्यतः या आवरणावर आणि प्रथिनांवर होतो.

३८व्या दिवशी आत आलेला एखादा रोगट जवळा किंवा खेकड्याचे पिल्लू ब तळ्यातल्या कोळंबीने खाल्ले. जठराच्या आणि कल्ल्यांच्या बाह्यपेशींतून विषाणू आत शिरला. चिकटलेल्या विषाणूला पेशी स्वतःच आत ओढून घेते, एरवी खाद्यकण घेते तशी. पुढे कवच केंद्रकापर्यंत जाते आणि डीएनए केंद्रकात सोडला जातो.

तिथून कामे पाळीपाळीने होतात. आधी ‘तत्काळ’ जनुके वाचली जातात. त्यांतले एक, आयई१, कोळंबीच्या स्वतःच्या बचावयंत्रणेतल्या स्टॅट नावाच्या प्रथिनाचा वापर करून चालू होते. संसर्गाला तोंड द्यायला जो गजर वाजतो, त्याच गजरावर विषाणू आपले काम सुरू करतो. मग ‘आरंभीची’ जनुके: डीएनएची नक्कल काढणारे पॉलिमरेज आणि त्याला कच्चा माल पुरवणारी विकरे. विषाणू ही यंत्रे स्वतःच्या जनुकांवरून घडवतो, पण घडवतो कोळंबीच्या रायबोसोमवर, कोळंबीच्या अमिनो आम्लांतून, कोळंबीच्या ऊर्जेवर. संसर्गानंतर साधारण १२ तासांनी पेशीचा चयापचयच वळवला जातो: प्राणवायू उपलब्ध असूनही ती साखर भराभर अर्धवट जाळू लागते, कारण त्यातून नव्या विषाणूंच्या बांधणीचा माल मिळतो. आजारी पेशी बहुधा आत्मनाश करून संसर्ग तोडते. तो आत्मनाश लांबवणारी प्रथिनेही या विषाणूकडे आहेत. शेवटी ‘उशिराची’ जनुके आवरणाची आणि कवचाची प्रथिने बनवतात. केंद्रक फुगते, पेशीचा स्वतःचा डीएनए कडेला ढकलला जातो, मध्ये नवे विषाणू जुळत जातात. बाहेरचे आवरणसुद्धा केंद्रकातच चढते. मग पेशी फुटते.

ही एक फेरी २५ अंशांच्या आसपास सुमारे एका दिवसाची. एका विषाणूचे दोन, दोनाचे चार असा हा प्रकार नाही. जिवाणू दुभंगतो, विषाणू आधी स्वतःला उसवतो, काही तास पेशीत शोधूनही सापडत नाही आणि मग एकदम घाऊक संख्येने बाहेर पडतो. त्यामुळे तळ्यावर उभ्या असलेल्या माणसाला आजार ‘रातोरात’ आल्यासारखा वाटतो.

कोणत्या पेशी बळी पडतात हेही ठरलेले आहे. गर्भावस्थेतल्या बाह्य आणि मधल्या थरांपासून बनलेल्या ऊती: कवचाखालची त्वचा, कल्ले, जठराचे अस्तर, रक्तपेशी बनवणारी ऊती, लसिका अवयव. आतल्या थरापासून बनलेले यकृतग्रंथी आणि मधल्या आतड्याचे अस्तर यांना तो लागत नाही. नमुना कुठून घ्यायचा ते यावरूनच ठरते.

४४ ते ४८: दिसले काय, वाटले काय

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. पहाटे पाण्याचे तापमान २४ अंश, दुपारी २८. डब्ल्यूएसएसव्हीला हा पट्टा मानवतो. ३० अंशांच्या खाली उद्रेक होतात, ३२-३३ अंशांना विषाणूची वाढ मंदावते आणि मर घटते. कोकणातले हिवाळी पीक म्हणूनच जास्त जोखमीचे. भर पावसात क्षारता कोसळते तोही काळ वाईटच, पण तेव्हा बहुतेक जण तळी रिकामी ठेवतात.

तळ्यात सुमारे १ लाख ७० हजार कोळंबी, सरासरी ६ ग्रॅम, म्हणजे १,०२० किलो जिवंत वजन असा अंदाज होता. खाद्य ४ टक्क्यांनी दिवसाला ४० किलो, चार वेळांत. कोळंबी किती खाते ते बघायला पाण्यात ठेवलेल्या प्रत्येक चेक ट्रेत, त्या वेळच्या खाद्याच्या किलोमागे ३ ग्रॅम, म्हणजे ३० ग्रॅम.

४४व्या आणि ४५व्या दिवशी ट्रे नेहमीपेक्षा लवकर रिकामे झाले. मालकाने खूश होऊन खाद्य ४३ किलोंवर नेले. व्हाइट स्पॉटमध्ये खाणे थांबण्याआधी असा चढ कधीकधी दिसतो. दरवेळी दिसतोच असे नाही, त्यामुळे त्याला लक्षण म्हणून फार मान देऊ नये. पण थंडीत खाणे वाढले तर शंका घ्यायला जागा आहे.

४६व्या दिवशी सकाळच्या फेरीला रखवालदाराने हाक दिली, “दादानू, ट्रेतला खाद्य तसाच रवला.” त्याच दिवशी पाग (फेकायचे जाळे) टाकून ब तळ्याचे वजन घेतले आणि तोच ओला पाग घेऊन क तळ्याचेही. ४७व्या दिवशी बांधाच्या कडेला १४ मेलेल्या कोळंब्या, काही कडेने मलूल फिरताना. पहाटे पाचला विरघळलेला प्राणवायू लिटरला ४.२ मिलिग्रॅम, पीएच ७.९ ते ८.४, अल्कलिनिटी १३०. पाण्यात मारण्यासारखे काही नव्हते, आणि नेमके हेच महत्त्वाचे होते. प्राणवायू कमी पडला तर पहाटे सगळी कोळंबी वर येते आणि ऊन चढले की सावरते. इथे कोळंबी सावरत नव्हती.

कडेला १४ म्हणजे तळ्यात १४ नव्हे. मेलेली कोळंबी बुडते आणि तासाभरात तिच्या सोबतिणी तिला खातात. कडेला येतात त्या शेवटच्या घटकेला उथळ पाण्यात आलेल्या. खाल्ल्या गेलेल्यांची मोजदाद होत नाही, आणि प्रसार होतो तो नेमका त्यांच्याकडून. नुसत्या पाण्यातून होणाऱ्या संसर्गापेक्षा रोगट मांस खाऊन होणारा संसर्ग कितीतरी जोरकस असतो. ३८व्या दिवशी लागलेल्या मोजक्या कोळंब्या ४१-४२व्या दिवशी मेल्या, त्यांना खाणाऱ्या ४५-४६व्या दिवशी. डोळ्यांना दिसली ती दुसरी-तिसरी फेरी.

कवच सोलून, आतली त्वचा नखाने खरवडून, उजेडासमोर धरले तर दहांतल्या तिघींच्या कवचावर अर्धा ते दोन मिलिमीटरचे पांढरे ठिपके. बाकीच्यांना फक्त लालसर झाक. हे ठिपके म्हणजे बिघडलेल्या त्वचेने कवचात टाकलेले चुन्याचे क्षार, विषाणूचे पुंजके नव्हेत. व्हेनामीत ते पुष्कळदा उमटतही नाहीत. उलट काही जिवाणूंमुळे किंवा जास्त अल्कलिनिटीमुळे विषाणूशिवायही उमटतात. ठिपके नाहीत म्हणून सुटलो असे समजणारे जास्त नुकसान करून घेतात. रक्तद्रवाची खूण त्यापेक्षा बरी: पायांच्या बुंध्यातून सुईने थेंब काढून काचेवर ठेवला तर निरोगी कोळंबीचा थेंब चटकन गोठू लागतो, हिचा पाण्यासारखा वाहत राहतो. अर्थात हीसुद्धा फक्त शंका पक्की करणारी खूण.

औषधवाल्याचे दोन दिवस

४७व्या दिवशी दुपारी औषधविक्रेत्याचा सल्ला आला: खाद्यातून ‘अँटिव्हायरल’ टॉनिक, सोबत प्रतिजैविक, आणि २० टक्के पाणी बदल. मालकाने टॉनिक दिले, प्रतिजैविक टाळले आणि पाणी बदलायच्या बेतात होता.

प्रतिजैविके जिवाणूची पेशीभित्ती, त्याचे रायबोसोम, त्याची विकरे यांवर घाव घालतात. विषाणूकडे यांतले काहीच नाही. तो कोळंबीचे रायबोसोम वापरतो; तेच बंद पाडायचे तर कोळंबीच मरेल. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांवर तर बंदी आहे आणि त्यांचा अंश सापडला तर निर्यातीचा माल परत येतो. टॉनिकबद्दल एवढेच की कोळंबी खातच नाही तेव्हा खाद्यातून काही देणे म्हणजे ते गाळाला देणे.

लस का नाही, हा प्रश्न हमखास विचारला जातो. कोळंबीच्या शरीरात आपल्यासारखी प्रतिपिंडे बनत नाहीत. व्हीपी२८ वापरून किंवा दुपदरी आरएनए टोचून काही काळ संरक्षण मिळाल्याचे प्रयोग आहेत, पण २ लाख कोळंब्यांना तळ्यावर देता येईल अशी लस बाजारात नाही. ‘एसपीएफ’, म्हणजे ठरावीक रोगजंतूंपासून मुक्त, या शब्दाचाही असाच घोळ होतो. २००९ पासून भारतात आलेल्या व्हेनामीचे जनक आयात करताना चेन्नईजवळ नीलंकराईला विलगीकरणात तपासले जातात. ते ठरावीक रोगजंतूंपासून मुक्त असतात, रोगाला प्रतिकार करणारे नसतात. त्यांची पिल्ले खाजणातल्या पाण्यात पडली की ते कौतुक संपले.

पाणी बदल हा सल्ल्याचा सर्वांत घातक भाग होता. बाहेर सोडलेले १,३०० घनमीटर पाणी रोगट कोळंबीसकट खाडीत जाते आणि पुढच्या भरतीला शेजाऱ्याच्या उघाडीत शिरते. शिवाय नव्या पाण्याच्या धक्क्याने कोळंबी कात टाकते. मऊ कवचाची कोळंबी आधी खाल्ली जाते.

नमुना

४७व्या दिवशी संध्याकाळी मलूल पण जिवंत १० कोळंब्या घेतल्या. नुकतीच मेलेली चालते. लाल पडून वास मारणारी नको, तिच्यातला डीएनए तुटलेला असतो. पोहण्याचे पाय आणि कल्ले कापून ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, ऊतीच्या दसपट द्रवात. फॉर्मलिन नको, ते डीएनएची नासाडी करते. डोळे टाळायचे, कारण त्यांतले घटक पीसीआरची प्रक्रियाच रोखतात आणि खोटा निगेटिव्ह येतो. यकृतग्रंथीही नको, तिथे हा विषाणू वाढत नाही हे वर आलेच. आख्खी कोळंबी कुटून पाठवणारे या दोन्ही चुका एकदम करतात.

नेस्टेड, म्हणजे दोन पायऱ्यांच्या, पीसीआरचा निकाल वाचायची रीत अशी: पहिल्याच पायरीत डीएनएच्या १,४४७ जोड्यांची पट्टी दिसली तर विषाणू भरपूर, मर तोंडावर. पहिल्या पायरीत काही नाही आणि दुसरीत ९४१ची पट्टी, तर संसर्ग हलका. ताण टाळून काही दिवस मिळू शकतात. ४९व्या दिवशी अहवाल आला: पहिल्या पायरीत पॉझिटिव्ह.

मग हॅचरीचा निगेटिव्ह दाखला खोटा होता का? तसे म्हणता येत नाही. १५० पिल्ले तपासून एकही पॉझिटिव्ह निघाले नाही, तर ९५ टक्के खात्रीने इतकेच सांगता येते की लागण २ टक्क्यांपेक्षा कमी आहे. २ लाखांचे २ टक्के म्हणजे ४,०००. दाखला लागणीची वरची मर्यादा दाखवतो, शून्य दाखवत नाही. मात्र या प्रकरणात त्याच बॅचचे बीज असलेले अ तळे शेवटपर्यंत निगेटिव्ह राहिले, तेव्हा बोट ३८व्या दिवसाच्या पाण्याकडेच जाते.

४९ ते ५१: काढणी आणि क्लोरीन

आता पर्याय दोन. कोळंबी विकण्याजोगी असेल तर पाणी न सोडता ओढजाळीने काढायची. फारच लहान असेल तर जागेवर क्लोरीनने मारायची. ६ ग्रॅमची म्हणजे सुमारे १६७ काउंटची (किलोला तेवढे नग) कोळंबी निर्यातीला उपयोगाची नसली तरी स्थानिक बाजारात जाते. माणसाला या विषाणूपासून धोका नाही, आणि शिजवताना तर तो राहतच नाही: ६० अंशांना तो मिनिटाभरात निष्क्रिय होतो. गोठवल्याने मात्र तो मरत नाही, उलट जपला जातो. म्हणून डोकी, साली आणि धुवणाचे पाणी खाडीत जाता कामा नये, आणि ही कोळंबी गळाला आमिष म्हणून तर मुळीच जाऊ नये. ऑस्ट्रेलियात २०१६ मध्ये लोगन नदीकाठच्या शेतांत हा रोग पोचला, तेव्हा संशय गोठवलेल्या आयात कोळंबीच्या आमिषावरही गेला होता.

दोन दिवसांत ४१० किलो हाती लागली. ४७व्या दिवशी काढली असती तर अंदाजे दुप्पट मिळाली असती. टॉनिकचा खरा खर्च तो. उरलेली तळ्यातच मेली.

५१व्या दिवशी संध्याकाळी क्लोरीन. आता तळ्यात गाळ, शेवाळ आणि कुजणारे मांस होते. हे सगळे क्लोरीन पिते. म्हणून ३० पीपीएम क्लोरीनचा हिशेब धरला: घनमीटरला १०० ग्रॅम पावडर, एकूण ६५० किलो. वेळ संध्याकाळचीच का? उन्हात क्लोरीन झपाट्याने नष्ट होतो. पीएचचाही प्रश्न असतो: पीएच ७.५च्या आसपास निम्मा क्लोरीन जोरकस रूपात असतो, ८.५ला जेमतेम दहावा हिस्सा. दुपारी तळ्याचा पीएच चढलेला असतो. रात्री तो उतरू लागतो आणि पहाटेपर्यंत सर्वांत खाली येतो. पावडर पाण्यात कालवून, निवळी आणि गाळ दोन्ही फवारून, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रे) दोन तास चालवून मिसळली. मेलेली कोळंबी रोज जाळीने काढली. ती पुरली खाजणात नाही, वरच्या भरडीवर, म्हणजे उंचावरच्या कोरड्या जमिनीत. खाजणात हातभर खणले की खड्ड्यात पाणी येते आणि उधाणाला ते पाणी कुठे जाईल सांगता येत नाही. खड्ड्यात थरागणिक चुनकळी (न विरवलेला चुना).

पाणी ७ दिवस कोंडून ठेवले. क्लोरीनचा अंश शून्य झाल्याची चाचणी झाल्यावरच ओहोटीला सोडले. तसे न करता सोडले असते तर विषाणू मेला असता, पण उघाडीच्या तोंडाशी तिसऱ्या आणि मुळे हे शिंपले गोळा करणाऱ्या बायकांच्या पाट्या रिकाम्या राहिल्या असत्या.

शेजारच्या शेतांना पाणी न घेण्याचा निरोप ४९व्या दिवशी रात्री गेला. हा निरोप लपवण्याची वृत्ती सगळ्या किनाऱ्यावर आहे आणि तिचा बचाव करता येत नाही. व्हाइट स्पॉट हा जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीतला, कळवण्याजोगा रोग आहे. मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयाला कळवण्यात मालकाची अब्रू जात नाही.

क तळे

५३व्या दिवशी क तळ्याचे ट्रे भरलेले राहिले. तिथे खाडीचे पाणी गेले नव्हते. उरले तीन संशयित: ४६व्या दिवशीचा ओला पाग, दोन तळ्यांमधल्या सामाईक बांधातून बिळे करून ये-जा करणाऱ्या चिंबोऱ्या, आणि ब तळ्यातली मरतुकडी कोळंबी उचलून क तळ्यावरून जाणारे बगळे-पाणकावळे. पक्ष्याच्या पोटात विषाणू टिकत नाही. चोचीतून निसटलेली कोळंबी मात्र पुरेशी असते. अ तळ्याला पाग वेगळा होता आणि बांधही वेगळा, त्यामुळे पक्ष्यांवरचा संशय थोडा हलका होतो. पाग की चिंबोरी, हे नमुन्यांवरून वेगळे करता येत नाही, पण दोन्हींचा बंदोबस्त स्वस्त आहे. पाग आधी गोड्या पाण्यात धुवून चिखल काढायचा, मग १० लिटर पाण्यात ७ ग्रॅम ब्लीचिंग पावडर म्हणजे साधारण २०० पीपीएमच्या द्रावणात १० मिनिटे, मग उन्हात. चिखलासकट बुडवला तर क्लोरीन चिखलच पितो. चिंबोऱ्यांसाठी बांधावर ४०-४५ सेंटीमीटर उंच नायलॉनचे कुंपण, खालची कड मातीत पुरलेली. पुरली नाही तर चिंबोरी खालून येते आणि कुंपण फक्त शोभेला राहते.

क तळ्याची काढणी मात्र ट्रे भरलेले दिसले त्याच दिवशी सुरू केली, अहवालाची वाट न बघता. ७६० किलो मिळाली.

पुढच्या पिकाआधी

तळ्याचा तळ किती दिवस सुकवायचा याला मोजलेला आधार आहे: उन्हात सुकणाऱ्या गाळात विषाणू १९ दिवसांपर्यंत आणि पाणी साचलेल्या गाळात ३५ दिवसांपर्यंत संसर्गक्षम सापडला आहे. ‘पंधरा दिवस ऊन दिले’ हे त्यामुळे पुरत नाही. खाजणाची अडचण अशी की उघाडीजवळचा खळगा कधीच सुकत नाही. दर उधाणाला खालून पाझर फुटतो. तिथे ऊन मोजू नये, चुना मोजावा. पीएच १२ला विषाणू दहा मिनिटांत निष्क्रिय होतो, म्हणून ओल्या खळग्यांत चुनकळी टाकून चिखलाचा पीएच कागदाने तपासायचा. बाकीच्या तळाला अर्ध्या हेक्टरला ५०० किलो. उरलेल्या डबक्यांतली कोळंबी, खेकडे, पागातून सुटलेले जवळ्याचे थवे आधी मारायचे. विषाणू बाळगणारा जिवंत यजमान राहिला तर ३५ दिवसांचा आकडाही निरर्थक, कारण तो आकडा यजमानाबाहेरच्या विषाणूचा आहे.

मालकाने ब तळ्याचा पाचवा हिस्सा बांध घालून साठवण तळे केला. उत्पादनाची जागा गेली, पण पाणी तिथे घेऊन, क्लोरीन मारून, आठवडाभर ठेवून मग आत देता येते. पुढचे बीज फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे वाढीचा मुख्य काळ मार्च ते मे, पाणी ३० अंशांच्या वर, आणि जूनच्या पावसाआधी काढणी. उष्ण पाणी हा इलाज नव्हे: लागण झालेली कोळंबी ३२ अंशांत तगून राहते आणि पाणी थंड झाले की मरू लागते. मे महिन्यात क्षारता ३५च्या पुढे चढते, पहाटेचा प्राणवायू कमी पडतो आणि व्हिब्रिओ जिवाणूंचा त्रास वाढतो, म्हणून घनता चौरस मीटरला ३० वर आणली आणि एरेटर तितकेच ठेवले. ३०व्या आणि ४५व्या दिवशी प्रत्येक तळ्यातून ३० कोळंब्यांचे पाय पीसीआरला जातील; त्यातून निगेटिव्ह आले तर लागण १० टक्क्यांच्या खाली आहे एवढेच कळेल, आणि दुसऱ्या पायरीची पट्टी दिसली तर काढणीचा निर्णय ट्रे भरलेले राहण्याआधी घेता येईल.